गडद थंड रंग की उबदार फिकट रंग? मराठवाड्यात पहिल्यांदा घर रंगवणाऱ्यांसाठी

रंगाच्या दुकानात ‘थंड रंग’ आणि ‘उबदार रंग’ हे शब्द सर्रास वापरले जातात, आणि पहिल्यांदा घर रंगवणारा माणूस नेमका याच शब्दांपाशी फसतो. निळा, निळसर करडा, पाटीसारखा काळसर, गडद मोरपंखी या रंगांना थंड म्हणतात; मलई, बदामी, गव्हाळ, वाळूसारखा, ज्वारीच्या कडब्यासारखा फिकट पिवळट अशा रंगांना उबदार म्हणतात. ही नावे डोळ्याला काय वाटते यावरून पडलेली आहेत, भिंत किती तापते यावरून नव्हे. मे महिन्यात परभणीत किंवा नांदेडात पारा ४२ अंशांच्या पुढे गेलेला असताना ‘थंड’ गटातला गडद निळसर करडा लावलेली पश्चिमेची भिंत हात टेकवू देत नाही, आणि तिच्याच शेजारची ‘उबदार’ बदामी भिंत मात्र पुष्कळ कमी तापलेली असते. एकदा हा भेद मनात पक्का झाला, की पुढची सारी निवड सोपी होते.

या दोहोंपैकी एक रंग संपूर्ण घरासाठी निवडायचा असतो, असे समजून अनेक जण आठवडे घालवतात. माझ्या मते प्रश्न तसा मांडूच नये. रंग घराचा ठरवायचा नसून भिंतीचा ठरवायचा असतो, आणि आपल्याकडे तो ठरवताना पहिला हक्क उन्हाचा असतो. पुढील पायऱ्या त्याच क्रमाने दिल्या आहेत. त्यांचा क्रम शक्यतो बदलू नये, कारण शेड कार्डावरून, म्हणजे कंपनीच्या रंगपट्ट्यांच्या पत्रकावरून, प्रत्यक्ष रंग निवडण्याची वेळ त्यांत बरीच उशिरा येते.

पहिली पायरी: कोणत्या भिंतीवर ऊन केव्हा येते ते लिहून काढा

एका वहीत घराचा साधा नकाशा काढावा आणि प्रत्येक बाहेरच्या भिंतीपुढे ऊन किती वाजता येते व किती वाजता जाते याची नोंद करावी. सकाळी आठ, दुपारी एक आणि संध्याकाळी पाच अशा तीन वेळा घराभोवती एक फेरी मारली तरी पुरेसे होते. पूर्वेच्या भिंतीला सकाळचे ऊन मिळते. तेव्हा हवा अजून तापलेली नसते आणि भिंतीला पुढे दिवसभर निवायला वेळ असतो. पश्चिमेच्या भिंतीची गोष्ट अगदी उलट आहे. हवा आधीच तापलेली असताना दुपारी दीड-दोनपासून सूर्यास्तापर्यंत तिच्यावर तिरपे, थेट ऊन पडत राहते, आणि साठलेली उष्णता ती रात्री घरात सोडते. लातूर किंवा बीडमधल्या नव्या वसाहतींत पश्चिमेची निजायची खोली रात्री अकरापर्यंत का धगधगत राहते, याचे उत्तर पंख्यापेक्षा या भिंतीत शोधावे.

दक्षिणेच्या भिंतीविषयी एक गैरसमज आहे. ती उन्हाळ्यात सर्वांत तापते असे मानले जाते, परंतु मराठवाडा साधारण साडेसतरा ते साडेवीस उत्तर अक्षांशांमध्ये येत असल्याने ऐन उन्हाळ्यात दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो आणि मेच्या उत्तरार्धापासून जुलैच्या मध्यापर्यंतच्या काळात तर बहुतेक भागांत किंचित उत्तरेकडेच कलतो. त्यामुळे दक्षिणेच्या भिंतीवर जास्तीत जास्त ऊन हिवाळ्यात पडते, जेव्हा ते हवेहवेसे असते. उन्हाळ्यात खरा मारा होतो तो गच्चीवर आणि पश्चिमेवर. म्हणून ज्याला घर गार ठेवायचे आहे त्याने भिंतीच्या रंगाआधी स्लॅबचा विचार करावा. गच्चीला पांढरा, ऊन परतवणारा लेप दिल्याने जो फरक पडतो तो चारही भिंतींच्या रंगाने पडत नाही. पैसे एकाच कामापुरते असतील, तर ते गच्चीवर खर्च करावेत असे मी निःसंकोच सांगेन.

जुन्या माळवदाच्या, म्हणजे मातीच्या सपाट छताच्या, घरांत हा प्रश्न इतका तीव्र नव्हता. दीड-दोन फूट जाडीच्या दगडमातीच्या भिंतीतून दिवसाची उष्णता आत पोहोचेपर्यंत रात्र होत असे आणि तोवर बाहेरची हवा निवलेली असे; वर पांढऱ्या मातीचा जाड थर असे. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपात अशाच जड भिंती आणि जड माळवदे कोसळून हजारो माणसे दगावली, आणि त्यानंतर आपल्याकडे विटा, सिमेंटचे ठोकळे आणि स्लॅब यांची घरे झपाट्याने रूढ झाली. नीट बांधली तर ती अधिक सुरक्षित असतात, आणि हेच योग्य झाले. परंतु सहा किंवा नऊ इंचांच्या भिंतीतून उष्णता फार लवकर आत येते, आणि म्हणून पूर्वी ज्याचा विशेष विचार करावा लागत नव्हता, तो बाहेरचा रंग आता महत्त्वाचा ठरतो.

दुसरी पायरी: शेड कार्डावरचा प्रकाश परतवण्याचा आकडा पाहा

बहुतेक मोठ्या कंपन्या आपल्या प्रत्येक रंगासाठी एलआरव्ही नावाचा आकडा देतात. भिंतीवर पडलेल्या प्रकाशापैकी शेकडा किती प्रकाश ती परत फेकते, हे त्यावरून कळते. शुद्ध काळ्याचा आकडा शून्याकडे आणि शुद्ध पांढऱ्याचा शंभराकडे झुकतो. मलई, बदामी, वाळू अशा फिकट उबदार रंगांचे आकडे सामान्यतः ५५ ते ७५ च्या दरम्यान असतात, तर कोळशासारखा करडा किंवा गडद निळा यांचे ५ ते १५ च्या आसपास. कार्डावर हा आकडा छापलेला नसेल तर तो कंपनीच्या संकेतस्थळावर रंगाच्या क्रमांकासमोर मिळतो किंवा दुकानदाराकडे विचारता येतो.

हा आकडा डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशापुरताच असतो, हे मात्र ध्यानात ठेवावे. सूर्याच्या उष्णतेचा जवळपास निम्मा भाग डोळ्याला न दिसणाऱ्या अवरक्त किरणांतून येतो, आणि ती किरणे परतवणारी विशेष रंगद्रव्ये वापरून काही गडद रंग बनवले जातात. असा रंग नेहमीच्या गडद रंगापेक्षा कमी तापतो, परंतु फिकट रंगाची बरोबरी तो करू शकत नाही. ‘उष्णतारोधक’ असे डब्यावर लिहिले आहे, एवढ्यावर गडद रंगाचा निर्णय घेऊ नये.

माझा स्वतःचा दंडक असा, की उघड्यावरच्या पश्चिमेच्या भिंतीसाठी साठाच्या खालचा आकडा घ्यायचा नाही, पूर्वेसाठी पन्नासपर्यंत उतरायला हरकत नाही, आणि उत्तरेकडे किंवा कायम सावलीत असलेल्या भिंतीवर आकड्याचे बंधन सोडून द्यायचे. घरासमोर जुना कडुनिंब असेल आणि त्याची सावली दुपारभर भिंतीवर राहत असेल, तर तिला सावलीची भिंत समजावे.

तिसरी पायरी: शंका असेल तर गच्चीवर स्वतः पडताळून पाहा

घरातील ज्या व्यक्तीला गडद रंगच हवा आहे तिच्याशी वाद घालत बसण्यापेक्षा एक छोटा प्रयोग करावा. एकाच प्लायवूडचे दोन सारखे तुकडे घ्यावेत, एकाला गडद थंड रंगाचे व दुसऱ्याला फिकट उबदार रंगाचे दोन हात द्यावेत, आणि पूर्ण वाळल्यावर दुपारी दोनच्या सुमारास ते गच्चीवर उन्हात शेजारी शेजारी ठेवावेत. अर्ध्या तासाने हाताची मागची बाजू क्षणभरच प्रत्येकाला लावून पाहावी. हा प्रयोग पत्र्यावर करू नये, कारण गडद रंगवलेला पत्रा उन्हात चटका देण्याइतका तापतो. ही तुलना आकड्यांपेक्षा अधिक पटते, असा माझा अनुभव आहे. आमच्या घरात पश्चिमेच्या भिंतीला पाटीसारखा गडद करडा लावण्याचे जवळजवळ ठरले होते. या दोन तुकड्यांनंतर तो रंग पुढच्या सज्ज्याखालच्या सावलीतल्या भिंतीवर गेला, आणि तिथे तो आजही सुंदर दिसतो.

चौथी पायरी: धूळ, क्षार आणि पावसाचे शिंतोडे यांचा विचार करा

हा भाग शेड कार्डावर कधीच दिसत नाही आणि म्हणूनच सर्वाधिक पश्चात्ताप इथेच होतो. आपल्याकडे वर्षातील मोठा काळ कोरडा असतो आणि मार्च ते मे या काळात वाऱ्याबरोबर बारीक फुफाटा उडत राहतो. हा फुफाटा फिकट करड्या-पिवळट रंगाचा असल्याने तो गडद निळ्या किंवा कोळशासारख्या भिंतीवर पिठासारखा उठून दिसतो, तर बदामी किंवा वाळूच्या रंगात सहज मिसळून जातो. गडद भिंतीवर मळ दिसत नाही असे लोक समजतात. ओली माती आणि तेलकट डाग यांच्यापुरते ते खरे आहे, कोरड्या धुळीच्या बाबतीत मात्र नाही.

क्षारांचा प्रश्न त्याहून गंभीर आहे. बोअरच्या पाण्यावर बांधलेल्या घरांत, विशेषतः जिथे पाणी जड आहे तिथे, गिलाव्यातून आणि विटांतून क्षार पृष्ठभागावर येतात आणि भिंतीला पांढरा लोणा लागतो. फिकट उबदार भिंतीवर हा लोणा जवळून पाहिल्यावरच कळतो. गडद भिंतीवर तो रस्त्यावरून दिसतो. पाण्याच्या टाकीतून वाहून येणाऱ्या ओघळांचेही तसेच, ते वाळले की मागे पांढऱ्या रेघा राहतात. ज्या भिंतीला एकदा लोणा लागलेला आहे, तिला ओलीचे मूळ सापडून दुरुस्त होईपर्यंत गडद रंग देऊच नये. आणि लोणा काढताना तो धुऊन काढू नये, कारण पाण्यात विरघळून तो पुन्हा भिंतीतच मुरतो. कोरड्या ताठ ब्रशाने खरवडून, झाडून घ्यावा.

काळ्या जमिनीवर उभ्या असलेल्या घरांना आणखी एक अडचण असते. ही माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते, त्यामुळे पाया नीट नसेल तर भिंतींना तडे जात राहतात आणि ते दर एक-दोन वर्षांनी बुजवावे लागतात. फिकट भिंतीवर बुजवलेल्या तड्यावर त्याच डब्यातला रंग मारला तर तो बराचसा मिळून जातो. गडद भिंतीवर मात्र ठिगळ वर्षानुवर्षे दिसत राहते, कारण जुना रंग उन्हाने थोडा उतरलेला असतो आणि नवा त्याहून गडद दिसतो. शेवटी एका तड्यासाठी पूर्ण भिंत पुन्हा रंगवावी लागते. शिवाय गडद भिंत दिवसा जास्त तापते व रात्री निवते, या रोजच्या प्रसरण-आकुंचनाने बारीक केसासारखे तडे वाढण्याचीही शक्यता असते.

याच्या उलट एक जागा अशी आहे जिथे गडद रंगच योग्य ठरतो, आणि ती म्हणजे भिंतीचा तळाकडचा दीड-दोन फुटांचा पट्टा. पावसाच्या थेंबांनी अंगणातली काळी माती उडून या पट्ट्यावर शिंतोडे बसतात. जुन्या घरांत वर चुना आणि खाली गेरूचा पट्टा देण्याची पद्धत होती, ती शोभेसाठी जितकी होती तितकीच या शिंतोड्यांसाठी होती. आज त्याच जागी गडद निळसर करडा वापरला तर जोत्याच्या काळ्या दगडाशी तो चांगला जुळतो, आणि वरची बदामी भिंत त्यामुळे अधिक उजळ दिसते. क्षेत्रफळ लहान असल्याने उष्णतेचा प्रश्नही फारसा उरत नाही.

टिकाऊपणाविषयी येथेच एक गोष्ट सांगितली पाहिजे. उबदार फिकट रंगांतील पिवळट आणि तांबूस झाक बहुधा लोखंडाच्या ऑक्साइडपासून येते. गेरू म्हणजे तेच द्रव्य, आणि अजिंठ्याच्या भित्तिचित्रांतील पिवळा व तांबडा याच जातीच्या मातीपासून केलेला आहे. तिथला गडद निळा मात्र लाजवर्द या दगडाचा आहे, जो या भागात मिळत नाही आणि दूरदेशाहून आणावा लागे. लेण्यांतली चित्रे उन्हापासून आडोशाला आहेत, तेव्हा त्यांवरून बाहेरच्या भिंतीचे अनुमान काढता येणार नाही. परंतु लोखंडाचे ऑक्साइड उन्हात फारसे विटत नाही, ही गोष्ट आजच्या डब्यालाही लागू आहे. गडद रंगांपैकी काही चांगले टिकतात, काही दोन-तीन उन्हाळ्यांत विटतात. म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी गडद रंग घेताना तो बाहेरच्या वापरासाठी शिफारस केलेला आहे का, हे त्या विशिष्ट क्रमांकापुरते विचारून घ्यावे.

पाचवी पायरी: आतल्या खोल्यांत ऊन नव्हे, उजेड मोजा

घराच्या आत प्रश्न बदलतो. इथे रंगाने भिंत तापत नाही; इथे रंग उजेड खातो किंवा वाढवतो. ज्या खोलीत दिवसा दिवा न लावता वर्तमानपत्र वाचता येते तिथे एक गडद भिंत शोभून दिसते. ज्या खोलीला एकच लहान खिडकी आहे, किंवा जुन्या वाड्यातल्या माजघराप्रमाणे दारातूनच काय तो उजेड येतो, तिथे फिकट उबदार रंगाला पर्याय नाही. भारनियमनाच्या काळात इन्व्हर्टरवर एकच बल्ब जळत असतो तेव्हा हा फरक स्वयंपाक करणाऱ्या आणि अभ्यास करणाऱ्या माणसाला रोज जाणवतो.

गडद भिंत कोणती असावी याबाबत नवख्यांकडून एक चूक नेहमी होते. खिडकी ज्या भिंतीत आहे तीच भिंत गडद केली जाते. बाहेरचे लख्ख ऊन आणि सभोवतीची काळोखी भिंत यांच्यातील तफावतीने डोळ्यांवर ताण येतो आणि खोली प्रत्यक्षात असते त्याहून अंधारी वाटते. खिडकीची भिंत नेहमी फिकट ठेवावी आणि गडद रंग खिडकीसमोरच्या किंवा काटकोनातल्या भिंतीला द्यावा, म्हणजे त्यावर उजेड पडून त्याचा गडदपणा खुलून दिसतो. दूरचित्रवाणी संचाच्या मागची भिंत गडद असणे सोयीचे असते. छत पांढरेच असू द्यावे.

स्वयंपाकघर आणि देवघर यांविषयी फार विचार करण्याचे कारण नाही. फोडणीची वाफ आणि समईची काजळी पुसून काढता यावी म्हणून तिथे धुता येणारा फिकट रंग घ्यावा, आणि पुढे जावे.

ओसरी, ढेळज किंवा आजच्या घरातील पोर्च ही मात्र गडद थंड रंगाची खरी जागा आहे. वर छप्पर असल्याने थेट ऊन येत नाही, समोरून मात्र भरपूर उजेड येतो, आणि अंगणातल्या झळांतून आत आलेल्या माणसाच्या डोळ्यांना तो रंग खरोखर विसावा देतो. ‘थंड’ हा शब्द इथे सार्थ होतो. सज्ज्याखालची भिंत, जिन्याची सावलीतली बाजू, फाटक आणि खिडक्यांच्या चौकटी याही त्याच मालिकेतल्या जागा आहेत.

सहावी पायरी: रंगातली झाक ओळखा

आता रंग निवडण्यासाठी शेड कार्ड हातात घ्यावे. फिकट उबदार रंग वरवर सगळे सारखे दिसतात, परंतु प्रत्येकात एक लपलेली झाक असते: कुणात पिवळी, कुणात गुलाबी, कुणात हिरवट. ती ओळखण्यासाठी रंगाची पट्टी साध्या पांढऱ्या कागदावर ठेवावी आणि तिच्या शेजारी तशीच दुसरी पट्टी ठेवावी. एकट्या पट्टीत न दिसणारी झाक तुलनेत लगेच उघडी पडते. आपल्याकडच्या प्रखर उन्हात पिवळी झाक फार वाढते, म्हणून बाहेरच्या भिंतीसाठी ज्यात थोडा करडा मिसळलेला आहे असा बदामी किंवा वाळूचा रंग घ्यावा. निव्वळ मलईचा रंग कार्डावर सौम्य दिसतो आणि मोठ्या भिंतीवर दुपारी हळदीसारखा भासू लागतो, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

गडद थंड रंगांतही हेच. एखादा करडा निळ्याकडे झुकतो, एखादा हिरव्याकडे, एखादा जांभळटाकडे. घरात शहाबादी फरशी असेल तर तिच्या करड्या रंगाशी निळसर करडा जुळतो. कोटा फरशी असेल तर तिच्यात हिरवट झाक असल्याने जांभळट करडा तिच्याशेजारी मळका दिसतो. फरशी पंचवीस-तीस वर्षे राहणार आहे आणि रंग सहा-सात वर्षांनी बदलणार आहे, तेव्हा रंगाने फरशीला अनुसरावे.

रंगांच्या मोहक नावांकडे लक्ष देऊ नये. नोंद नेहमी क्रमांकाची करावी.

सातवी पायरी: भिंतीवर नमुना लावून निदान तीन दिवस पाहा

कार्डावरची पट्टी दोन इंचांची असते आणि भिंत शंभर चौरस फुटांची. बाहेर मोकळ्या उन्हात रंग कार्डापेक्षा फिकट दिसतो. आत मात्र समोरासमोरच्या भिंती एकमेकींवर आपला रंग टाकत असल्याने तोच रंग अधिक गडद व दाट दिसतो. म्हणून सर्वांत लहान डबा विकत घेऊन प्राइमर (रंगाआधी द्यायचा तळथर) मारलेल्या भिंतीवर किंवा पुठ्ठ्याच्या मोठ्या तुकड्यावर किमान दोन फूट बाय दोन फुटांचा नमुना, दोन हात देऊन, करावा. जुन्या रंगावर थेट नमुना लावला तर खालचा रंग आपली झाक वर आणतो आणि निवड चुकते.

हा नमुना सकाळी, दुपारी, संध्याकाळी आणि रात्री दिव्याखाली असा चार वेळा पाहावा. रात्रीची वेळ टाळू नये. आपल्या बहुतेक घरांत ६५०० केल्विनच्या (केल्विन म्हणजे दिव्याच्या उजेडाचा रंग सांगणारे माप) पांढऱ्याशुभ्र एलईडी ट्यूब असतात. त्यांच्या निळसर उजेडात बदामी रंग निस्तेज आणि किंचित हिरवट दिसतो, आणि निळसर करडा अधिकच निळा व रूक्ष दिसतो. तोच बदामी रंग २७०० ते ३००० केल्विनच्या पिवळसर दिव्यात मऊ दिसतो. रंग आवडत नाही असे वाटले तर आधी दिवा बदलून पाहावा, ते काम कमी खर्चाचे आहे. हा नमुना ज्या भिंतीसाठी आहे त्याच भिंतीवर, उभाच पाहावा. जमिनीवर आडवा ठेवलेला पुठ्ठा वरून येणाऱ्या उजेडामुळे वेगळाच दिसतो.

आठवी पायरी: हिशोब करा

दहा बाय बारा फुटांची आणि दहा फूट उंचीची खोली घेतली तर चार भिंतींचे क्षेत्रफळ ४४० चौरस फूट होते. दारे-खिडक्या वजा जाता सुमारे ३९० ते ४०० उरते. पुट्टी केलेल्या गुळगुळीत भिंतीवर चांगल्या इमल्शनचे (पाण्यात मिसळणाऱ्या भिंतीच्या रंगाचे) दोन हात द्यायला एक लिटर साधारण ५० ते ७० चौरस फुटांना पुरतो, म्हणजे या खोलीस साडेसहा ते सात लिटर धरावेत. नेमका आकडा डब्यावर दिलेला असतो आणि त्यावरच अखेरचा हिशोब करावा.

गडद रंगाचा खर्च दोन कारणांनी वाढतो. दुकानातल्या यंत्रावर गडद रंग तयार करताना जो मूळ डबा वापरतात त्यात पांढरे रंगद्रव्य कमी असते, म्हणून तो खालचे सहज झाकत नाही आणि तिसरा हात लागतो. शंभर चौरस फुटांच्या भिंतीला जिथे पावणेदोन लिटर पुरले असते तिथे अडीच लिटर लागतात. दुसरे, त्यात घातलेल्या रंगद्रव्याचे प्रमाण जास्त असल्याने डब्याची किंमतही चढते. गडद रंगाखाली पांढऱ्याऐवजी करड्या रंगात तयार करून घेतलेला प्राइमर मारला तर बहुधा एक हात वाचतो. पेंटरशी दर ठरवताना तिसऱ्या हाताची मजुरी धरली आहे की नाही, हे आधीच बोलून घ्यावे.

चकाकीबाबत थोडक्यात: गडद आणि चकचकीत हा संयोग पुट्टीतला प्रत्येक उंचसखल भाग दाखवतो, तर गडद आणि पूर्ण मॅट भिंतीवर हात किंवा खुर्ची घासल्याचे पांढुरके ओरखडे उमटतात. गडद भिंतीसाठी मंद चकाकीचा प्रकार घ्यावा. फिकट रंगाला कोणताही प्रकार चालतो.

नववी पायरी: वेळ साधून काम करा

नवा गिलावा किमान २८ दिवस होऊ द्यावा आणि पाणी मारणे थांबल्यावर भिंत पूर्ण वाळू द्यावी. ताज्या सिमेंटमधील अल्कली रंगाला खाते, आणि गडद रंगावर त्याचे फिकट डाग विशेष उठतात. बाहेरचे काम नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करणे उत्तम. लगीनसराईमुळे एप्रिल-मेमध्येच करावे लागले तर सावलीच्या मागे मागे काम चालवावे: पश्चिमेची भिंत सकाळी आणि पूर्वेची दुपारनंतर. तापलेल्या भिंतीवर रंग पसरण्याआधीच वाळतो, ब्रशाच्या रेघा राहतात आणि पुढे पोपडे सुटतात. दिवाळीआधीच्या घाईत पावसाळ्याची ओल भिंतीत उरलेली असते, तेव्हा पावसाच्या माऱ्याची भिंत शेवटी घ्यावी.

एका भिंतीला लागणारा सगळा रंग एकाच वेळी तयार करून घ्यावा आणि सुरुवात करण्यापूर्वी सारे डबे मोठ्या बादलीत एकत्र ढवळून घ्यावेत. दोन वेगळ्या दिवशी तयार केलेल्या डब्यांत सूक्ष्म फरक पडू शकतो, तो फिकट भिंतीवर खपून जातो आणि गडद भिंतीवर मधोमध रेघ आखल्यासारखा दिसतो. डबा नंतर कमी पडलाच, तर नवा रंग भिंतीच्या मध्यावर सुरू न करता कोपऱ्यापासून सुरू करावा.

काम झाल्यावर प्रत्येक रंगाचा अर्धा-एक लिटर घट्ट झाकणाच्या डब्यात, उन्हापासून दूर ठेवावा. झाकणावर रंगाचा क्रमांक, कंपनी, प्रकार, तारीख आणि तो कोणत्या भिंतीचा आहे, हे ऑइल पेंटने किंवा न पुसणाऱ्या पेनाने लिहावे, आणि हीच माहिती पहिल्या पायरीतल्या वहीत, त्या त्या भिंतीच्या उन्हाच्या नोंदीशेजारी उतरवून ठेवावी.